निळीखालचा पोत

धुळ्याच्या गिरणीत झुलालचं काम एकच होतं, रंगवून आलेल्या कापडाकडे बघत राहणं. उजेडाच्या टेबलावरून ठाण सरकायचं आणि जिथे धागा तुटलेला किंवा रंग नीट न बसलेला दिसेल, तिथे हा खडूने खूण करायचा. वीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नाही. बायको म्हणायची, हा माणूस माझ्या तोंडाकडे कमी आणि लुगड्याकडे जास्त बघतो.

गिरणी बंद पडली आणि झुलाल जळगावला आला. पोटाच्या एका डॉक्टरांकडे त्याला काम मिळालं, आतडी तपासायची दुर्बीण धुण्याचं. ती नळी कुठून आत जाते आणि कशाने भरून बाहेर येते, हे सांगायला नको. गावाकडे कुणी विचारलं तर तो ‘दवाखान्यात आहे’ एवढंच सांगून मोकळा व्हायचा.

पंच्याण्णव साली डॉक्टर मुंबईहून एक नवी गोष्ट शिकून आले. दुर्बिणीतून आतड्याच्या अस्तरावर निळं औषध फवारायचं. अस्तरावर बारीक रेघांची जाळी असते, निळी त्या रेघांत उतरते. एखादी गाठ इतकी सपाट असते की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण तिच्यावर ती जाळी मोडलेली असते. बाकीच्यांना हे समजावता समजावता डॉक्टरांचा घसा बसला. झुलालला एकदाच सांगावं लागलं.

नशिराबादला त्याची थोरली बहीण होती, द्रौपदाबाई. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. दोन वर्षं तिला शौचातून रक्त जात होतं आणि घरचे म्हणत होते, मूळव्याध आहे. त्यांच्या बापालाही सगळे मूळव्याधच म्हणत राहिले होते, अगदी कॅन्सरने तो जाईपर्यंत. झुलालला ते विसरता येत नव्हतं. त्याने बहिणीचा पिच्छाच पुरवला, तेव्हा कुठे ती ‘एकदाच येईन’ म्हणाली. दोन दिवस नुसती पेज घ्यायची, बी असलेलं काही खायचं नाही, हे त्याने स्वतः जाऊन तिला बजावलं. आदल्या संध्याकाळचं जुलाबाचं औषधही ‘बठ्ठं पी’, म्हणजे सगळं पी, असं सांगून देऊन आला.

तपासणीच्या दिवशी दुर्बीण आत गेली आणि टीव्हीवर जिकडेतिकडे वांग्याच्या बिया! डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

“आक्का, भरीत खादं का?” झुलालने विचारलं.

“काल याही जेवाले बठेल व्हतात,” ती पडल्या पडल्या म्हणाली. याही म्हणजे सुनेचे वडील. “त्यासनामोरे काय सांगू? का जेवत नही, आसं इचारं आसतं त्यासनी.”

झुलालला राग आला आणि रडूही आलं. थंडीच्या दिवसात व्याही घरी आले की भरीत होणारच, आणि त्यांच्यापुढे आक्का मागच्या दाराच्या तपासणीचं नाव काढणार नाही, हे त्याच्या आधीच लक्षात यायला हवं होतं.

“पुढच्या आठवड्यात परत आणा,” डॉक्टर म्हणाले.

“साहेब, ती परत येणार नाही. मी पाणी मारतो. तुम्ही फक्त धरून ठेवा.”

पाऊण तास तो मोठ्या सिरिंजने पाणी सोडत होता आणि डॉक्टर ते बियांसकट ओढून घेत होते. बोटं आखडली तरी त्याने सिरिंज दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाही. मग निळी फवारली. डॉक्टर नळी हळूहळू मागे घेत होते आणि सगळं नीट दिसत होतं.

“साहेब, थांबा.”

दुर्बीण चालू असताना नोकरमाणसाने बोलायचं नसतं. डॉक्टरांनी वळून पाहिलं.

“जरा पुढे घ्या. डावीकडे. तिथे पोत बिघडलाय.”

डॉक्टरांना काही दिसेना. त्यांनी आणखी थोडी निळी सोडली, तेव्हा नखाएवढा एक तुकडा दिसला. भोवती रेघा होत्या, त्याच्यावर नव्हत्या. डॉक्टरांनी चिमट्याने त्यातला कण तपासायला काढून घेतला.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सरच होता, पण नुकता धरलेला, अस्तराच्या खाली न उतरलेला. “एवढा भाग काढून टाकला की ती बरी होईल,” डॉक्टर म्हणाले. “तिला मी सांगू का?”

“नाही साहेब, मी सांगतो.”

तो तसाच नशिराबादला गेला. द्रौपदाबाई ओट्यावर तूर निवडत होती. त्याच्या तोंडाकडे एकदा बघून तिने सूप खाली ठेवलं. सांगायचं कसं, ते त्याने वाटभर घोकलं होतं. तो तिच्याजवळ ओट्यावर टेकला.

“बापनंच दुखनं शे ना?” तिनेच विचारलं.

त्याने होकाराची मान हलवली.

“खरं सांग. मना कितला दिन ऱ्हायनात?”

झुलालने तिचे दोन्ही हात धरले. “बठ्ठा, आक्का,” तो म्हणाला. “बठ्ठा ऱ्हायनात.”