हिरामणनं लंकेत बांधलेलं निशाण

बोरगावच्या चंद्रकलाबाईंचा हिरामण शांतिसेनेतून लंकेला गेला, तेव्हा सत्त्याऐंशी सालचा ऑगस्ट चालू होता. सौंसरच्या बसस्टँडला लागून माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. बातम्यांच्या वेळेला तिथं इतकी माणसं जमायची, की मला हात हलवायला जागा उरत नसे. रोज एकच सूर ऐकू यायचा. शेजाऱ्याच्या घरात भांडण पेटलंय, भारत मित्र म्हणून सोडवायला गेलाय, त्याला तिथलं काहीही नको. ऐकणाऱ्यांच्या छात्या फुगायच्या. माझीही फुगली होती, खोटं कशाला बोलू? दुसऱ्याच्या दारात मदत मागत उभं राहणारा देश म्हणूनच आपण आपल्याला ओळखत होतो, आणि आता कुणीतरी आपल्याला मोठा भाऊ म्हणत होतं. निदान आपण तरी म्हणत होतो.

हिरामण माझ्याच वस्तीतला. फौजेत जायच्या आधी संत्र्याच्या पेट्या ठोकायचं काम करायचा. माणूस आगाऊ मायेचा. कुणाच्याही घरी गेला की पाच मिनिटांत त्या घरचा होऊन जाई, न सांगता विहिरीवरून पाणी भरून आणी. एकदा बुद्धजयंतीला त्यानं भाऊरावांच्या घराला त्यांना न विचारता निळा रंग फासला. भाऊराव विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष, मोठे शिस्तीचे. ते आठ दिवस घुश्शात होते, आणि हा म्हणे, "मायेनं लावला ना, मंग राग कायचा?"

लंका म्हटल्यावर चंद्रकलाबाईंच्या आनंदाला पारावार राहिला नाही. लेक बुद्धाच्या देशात चालला! त्यांनी नवं पंचशील निशाण शिवून घेतलं आणि त्याच्या ट्रंकेत सगळ्यात वर ठेवलं. निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, केशरी, पाचही पट्टे झकास. "चांगलं घर पाहून बांधजो," म्हणाल्या. निघायच्या आधी वस्तीतल्या प्रत्येकानं त्या कापडाला हात लावला. मीही लावला.

लंकेत बौद्ध आहेत एवढंच आम्हाला ठाऊक होतं. ज्या जाफन्याकडे हिरामणला पाठवलं तिथं तमिळ हिंदू राहतात, त्यांचं भांडणच सिंहली लोकांशी आहे, ते सिंहली बौद्ध आहेत आणि हेच निशाण मिरवतात, हे बोरगावात कुणाला माहीत असणार? रेडिओनं सांगितलं नाही. हिरामणलाही कुणी सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी बुद्धपौर्णिमेला तो सुट्टीवर आला. विहारात भाऊरावांनी स्वतः त्याला हार घातला, शांतीचा दूत म्हणून भाषण ठोकलं आणि चार शब्द बोल म्हणाले. हिरामण उठला. "जय भीम. तिकडे नारयाची झाडं लय आहेत," एवढं बोलून खाली बसला. लोक खो खो हसले. चंद्रकलाबाई खीर वाढता वाढता पंगतीत प्रत्येकाला सांगत होत्या, "माया पोरानं बुद्धाच्या देशात निशान लावलं." हिरामणनं खीर तोंडाला लावली नाही.

मग रोज संध्याकाळी तो दुकानात येऊन बसू लागला. "सुधाकरभाऊ, लंकेचं स्टेशन लावा." मी लावायचो. त्या स्टेशनवर हिंदी सिनेमाची गाणी. आमच्याकडचं अर्धं गाव त्यावरच पोसलेलं. एक गाणं संपलं की दुसरं, मधे साबणाची जाहिरात. तो कान लावून बसे.

"काय बे, गाणे आयकाले तिकडून इतक्या दूर आला?" मी चिडवलं.

"बातमी पायजे भाऊ. एक बुढा आहे. जिता आहे का नाई, तेवढंच पायजे."

या स्टेशनवर एका म्हाताऱ्याची बातमी कोण देणार? हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो बोलायला लागला.

पहिल्या दिवसांत लंकेतल्या लोकांनी खरंच हार घातले होते. साहेबांचा हुकूम होता, लोकांत मिसळा, दोस्ती करा. हिरामणला तर हेच पाहिजे होतं. तमिळमध्ये छापलेली पत्रकं तो घरोघर वाटायचा. त्यावर काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं. आम्ही मित्र आहोत असं लिहिलंय, असं त्याला सांगितलं होतं. वाटता वाटता कंदय्या नावाचा म्हातारा भेटला. तरुणपणी मुंबईच्या गोदीत कारकून होता, त्यामुळे हिंदी बोलायचा. घरात तो आणि त्याची लेक सेल्वी, दोघंच. झालं, हिरामणला घर सापडलं. तिथं जाऊन तो पाणी ओढू लागला, कुंपणाच्या झावळ्या बांधू लागला. म्हाताऱ्याला म्हणाला, "घबराना नहीं. हम हैं ना."

त्या साली दसरा ऑक्टोबर लागताच आला. दीक्षेचा दिवस. आमच्या वस्तीत त्या दिवशी घराघरावर नवं निशाण चढतं, आणि ज्याच्या घरी चढवायला माणूस नाही त्याच्या घरी शेजारी चढवतो. हिरामणनं तेच केलं. ट्रंकेतून कापड काढलं, लांब बांबू घेतला आणि कंदय्याच्या फाटकावर सगळ्या गल्लीला दिसेल असं बांधलं. हात जोडून वंदना म्हटली. म्हातारा आणि पोर दोघंही बाजूला उभे राहून हात जोडून होते. याला वाटलं, काय भले लोक आहेत!

त्यानंतर त्यांच्या विहिरीवर पाण्याला कुणी येईना. सेल्वीचं लग्न ठरत आलं होतं, मुलाकडच्यांनी निरोप पाठवून मोडलं. हिरामणला यातलं काही कळलं नाही. त्याच्या तुकडीतला एक मद्रासी जवान गल्लीतून गेला, त्यानं निशाण पाहिलं, कपाळावर हात मारला आणि हे सिंहली लोकांचं निशाण आहे म्हणून सांगितलं. हिरामण धावतच कंदय्याकडे गेला.

"पहले क्यों नहीं बोले, बाबा? मैं उसी दिन उतार देता."

म्हातारा फाटकाला धरून उभा होता. म्हणाला, "आपके हाथ में बंदूक थी, साहब. हमको लगा, हुकूम है."

हे सांगताना हिरामण माझ्याकडे बघत नव्हता. "म्या बंदूक कवा दाखोली, भाऊ? खांद्याले होती. खांद्याले त रायतेच ना." मला त्याचा राग आला, त्याच्या आईचाही आला, आणि सगळ्यात जास्त राग माझ्या दुकानातल्या त्या फुगलेल्या छात्यांचा आला. बंदूक घेऊन घरात शिरलेल्याला कोण नाही म्हणणार? हिरामणला हे कळलं नाही. तो फार भोळा होता. पण त्याला पाठवणारे काही भोळे नव्हते.

निशाण त्यानं स्वतः उतरवलं. पण आठवड्याभरातच तमिळ बंडखोरांशी लढाई जुंपली. ज्यांना मित्र म्हणून भेटायचं, त्याच गल्ल्यांतून गोळ्या यायला लागल्या आणि जायला लागल्या. तुकडी दुसरीकडे हलवली. थंडीच्या दिवसांत ती परत त्या गावात आली, तेव्हा मद्रासी जवानानं चौकशी करून आणली. फौज हलली त्याच संध्याकाळी बंडखोरांची बंदूकवाली पोरं कंदय्याला घरातून घेऊन गेली होती. फौजेचा माणूस म्हणून. पुढचं कुणी सांगेना. मेला असंही कुणी म्हणेना.

"मंग तू गेला त्या घरी?" मी विचारलं.

"गेलो ना. न जाऊन कुठी जाऊ?"

सेल्वी एकटीच होती. त्याला फाटकात पाहिल्यावर ती ओरडली नाही, रडली नाही, दारही लावलं नाही. आतून खुर्ची आणून अंगणात मांडली. साहेब लोक आल्यावर मांडतात तशी. मग चहा घेऊन आली. कपबशी त्याच्यापुढे धरून ती उभीच राहिली.

"तू पेला?"

"पेलो. नाई म्हनलं असतं त आनखी भेली असती."

त्याला बापाबद्दल विचारायचं होतं. तिला हिंदी येत नव्हतं, याला तमिळ येत नव्हतं, आणि मद्रासी जवान नाक्यावर ड्यूटीला. एक शब्द तेवढा त्यानं शिकून घेतला होता, 'अप्पा'.

"मी म्हनलं, अप्पा? तिनं माया कप पुन्हा भरला. माया खांद्याकडे पाहे अन् हात जोडे. मी पुन्हा म्हनलं, अप्पा? तिनं घरात होती नव्हती थे साखर आनून मायासमोर ठेवली." रेडिओवर गाणं चालूच होतं. मी उठून तो बंद केला. "मंग मी इचारनं सोडून देलं, भाऊ. मी जितक्या डाव इचारो, थे पोरगी तितक्या डाव घरातलं काईतरी आनून मले देऊन राहिली होती."