आर्सेनियोच्या गाडीचा टप

आर्सेनियो गेला, आणि नेरेइदाच्या घरात बोलणारा एक रेडिओच उरला. अंगणात, आंब्याखाली, नवऱ्याची उघडी, बिनटपाची शेव्हरोले गाडी. चोपन्न सालची. रेडिओशी बाई वाद घालायची, गाडीकडे मात्र बघायची नाही. आमच्या मातान्सास गावची खारी हवा कुणाची गय करत नाही. पत्रा सडत गेला, कोंबडी मागच्या सीटवर अंडी घालायला लागली. तेव्हा कुठे नेरेइदा उठली आणि गाडी लेओच्या गॅरेजात ओढून न्यायला लावली.

"होती तशीच हवी मला," तिने बजावलं. "उघडी. एकदा तिच्यातून खाडीकाठाने फिरून आले की मी मरायला मोकळी."

"मरायचं नंतर बघू, मावशी. आधी हिला जगवू द्या."

लेओ म्हणजे गावातला नावाजलेला पत्र्याचा कारागीर. कुणाला घाई करत नाही, कुणाची घाई ऐकतही नाही. नेरेइदा थर्मासात कॉफी घेऊन रोज तिथे जाऊन बसायची. गाडीचं आपलं निमित्त. तिथे माणसं होती. भांडत का होईना, पण बोलत होती.

एक दिवस लेओने कॉफीला हात लावला नाही.

"मावशी, जरा इकडे या."

पुढच्या काचेशेजारच्या खांबावरची पुट्टी त्याने खरवडून काढली होती. चांगला बोटभर थर. खाली लोखंडावर करवतीचे दात उमटलेले.

"ही कारखान्यातून उघडी आलेलीच नाही. हिला टप होता. कुणीतरी कापलाय."

"काहीतरीच! आर्सेनियो गावभर सांगायचा, अस्सल उघडी गाडी मातान्सासात ही एकच."

"अस्सल उघडीला खालून आडवंतिडवं लोखंड असतं. इथे काही नाही. टप कापला म्हणजे कणाच काढला. मधोमध वाकलीय बिचारी. खरं सांगा, दारं लागायची का?"

नेरेइदाने दाराकडे बघितलं. दार तिने कधी उघडलंच नव्हतं. आर्सेनियो उघडू द्यायचा नाही. कुणाचं लग्न असो, कार्निव्हल असो, तो तिला दोन्ही हातांवर उचलून दारावरून अलगद आत ठेवायचा, आणि गल्लीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना कोपरं मारायच्या.

"अगं बाई," ती म्हणाली. "आणि मला वाटायचं, प्रेम आहे."

रंगारी ओस्मानी फिस्सकन हसला. मग तीही हसली, पण तिचं हसू त्याच्या आधी संपलं.

लेओने दोन वाटा सांगितल्या. उघडी ठेवायची तर खालून लोखंड घालता येईल, पण दारं कायमची वेल्ड करावी लागतील, कारण पत्र्यात आता तेवढा जीव नाही. नाहीतर भंगारात हिच्याच एका बहिणीचा टप पडलाय, तो चढवायचा. मग दारं उघडतील, लागतील.

"वेल्ड केली तर मी आत कशी जाणार?"

"कुणीतरी उचलून..." लेओ म्हणाला आणि जीभ चावून थांबला.

"मी उचलतो की!" ओस्मानी पुढे झाला.

"तू आधी तो ब्रश उचल," नेरेइदा म्हणाली. " सकाळपासून लोळतोय तुझ्यासारखा."

घरी जाऊन तिने दाराला कडी लावली, पडदा ओढला आणि खुर्चीच्या पाठीवरून पाय टाकून बघितला. गुडघ्याने साफ नाही म्हटलं. ती तशीच खुर्चीला धरून बराच वेळ उभी राहिली. रेडिओ काहीतरी सांगत होता.

सकाळी गॅरेजात जाऊन ती एवढंच म्हणाली, "चढव टप."

टप चढला, हिरवा रंग लागला. लेओने गाडी खाडीकाठाने काढली. नेरेइदाने आपल्या हाताने दार उघडलं, आत बसली, आपल्या हाताने लावलं. झकास लागलं. काचा वर केल्या.

पूर्वी उघड्या गाडीत आर्सेनियो अखंड बोलायचा. त्यातलं निम्मं वाऱ्यावर जायचं आणि ती नुसती मान हलवायची. परत विचारायचा तिला कंटाळा. आता आत इतकं शांत होतं की पदराखालचा स्वतःचा श्वास... छे, पदर कुठला आमच्याकडे! पण श्वास ऐकू येत होता, एवढं खरं. लेओ इंजिनाकडे कान देऊन गप्प चालवत होता.

"बोल की रे काहीतरी," ती म्हणाली.

"काय बोलू, मावशी?"

"काहीही. सगळं ऐकू येतंय."