अर्ध्या दिवसाची सावड

माझ्या धाकट्या जावेला टीव्हीवर मीच पाठवलं. हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्हीही म्हणाल, जावा जावा आन् उभा दावा. गावातल्या चार तोंडांनी ते म्हटलंच. म्हणू देत. कुणाचं तोंड कुणी धरलंय?

मी पारनेर तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावची अंगणवाडी सेविका. वीस वर्षं पोरांची वजनं करते, मोबाईलवर माहिती भरते, आणि गावातल्या झाडून साऱ्या बायांचा व्हॉट्सॲप ग्रुप माझ्याच हातात आहे. धाकटी माझ्याहून आठ वर्षांनी लहान. तिच्यासारखी नकला करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. ग्रामसेवक, डॉक्टरीणबाई, आमचे सासरे, कुणाला सोडायची नाही. मला तर माझ्या तोंडावर करून दाखवायची, चष्मा नाकावर ओढून, "ताई, बाळाचं वजन का घटलं? तुम्हीच खाता का खाऊ?" मी चिडायची आणि हसायचीही. एका चॅनलनं खेड्यातल्या सुनांचा खेळ काढला, तेव्हा मीच तिला विहिरीवर उभी करून व्हिडिओ काढला आणि पाठवला. महिन्याभरात बोलावणं आलं.

खेळ सोपा होता. नऊ सुना मुंबईच्या एका बंगल्यात सहा आठवडे कोंडायच्या. मोबाईल काढून घ्यायचे. आतलं बाहेर दिसायचं, पण बाहेरचं आत काही कळायचं नाही. आठवडाभर कामाच्या शर्यती, भांडणं, रडारड, आणि मग लोकांची मतं. एका मोबाईल नंबराला आठवड्याला एकच मत. जिला सगळ्यात कमी, ती घरी.

जायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली. "आक्का, तुमचा आर्धा दिस माझ्या अंगावर ऱ्हायलाय बरं का. आल्यावर देते."

हे काय, ते सांगायला हवं. आम्हा दोघींच्या वाटण्या कधीच झाल्यात, पण बांधाला बांध आहे आणि खुरपणी, लावणी आम्ही सावडीनं करतो. सावड म्हणजे आज मी तुझ्या वावरात, उद्या तू माझ्या. रोजानं बाया लावायच्या नाहीत. आमच्या सासूबाईंची, म्हणजे आत्याबाईंची, यात एक रीत होती. सावड कधी पुरती फेडायची नाही. कुणाच्या तरी अंगावर अर्धा दिवस ठेवायचाच. त्या म्हणायच्या, "समदं फिटलं की येनंजानं मिटलं." सासूबाई गेल्या, पण आम्ही बारा वर्षं ती रीत पाळली. कधी माझ्याकडे अर्धा दिवस बाकी, कधी तिच्याकडे. त्या कांदालावणीला मी तिच्यात दोन दिवस गेले, ती माझ्यात दीड. म्हणून ती तसं म्हणाली आणि हसत एसटीत बसली.

बंगल्यात तिची गट्टी जमली मिरजगावकडच्या एका सुनेशी. एकाच जिल्ह्याच्या, आणि दोघी वावरात राबलेल्या. ती ख्रिस्ती घरातली, जेवायच्या आधी डोळे मिटून प्रार्थना करायची, आणि आमची बया तेवढा वेळ हातातला घास धरून थांबायची. चौथ्या आठवड्यात तिथल्या लोकांनी दोघींना समोरासमोर उभं केलं. एकमेकीचं नाव घ्या, घेईल ती वाचेल. आमची म्हणाली, "मी न्हाई घेनार. आमच्यात सावड मोडत न्हाईत." सूत्रधारानं विचारलं, सावड म्हणजे काय? तिनं सगळ्या महाराष्ट्राला समजावून सांगितलं. अगं बाई! इकडे ग्रामपंचायतीच्या टीव्हीसमोर आमच्या बायांनी टाळ्या वाजवून छत दणाणून सोडलं. माझे तर डोळेच भरून आले.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट.

शेवटच्याच्या आधीचा आठवडा. पाचजणी उरल्या होत्या. एक जाणार, चौघी अंतिम फेरीत. आमची तीन आठवडे मतांत पहिली होती, फरक मात्र शे-दोनशे मतांचाच असायचा. मिरजगावची प्रत्येक वेळी काठावर वाचत होती. सोमवारी दुपारी मला फोन आला. मिरजगाववालीची सासू. कुठून नंबर मिळवला कोण जाणे. म्हातारी रडत होती. "बाई, आमची पोर या खेपंला जातीय बगा. तुमची तर पहिली हाय. या आठवड्याला तुमच्या गावाची मतं आमच्या पोरीला द्या. फायनलला आमची समदी वाडी, पावनेरावळे, चर्चमधले, समदे तुमच्या पोरीला. सावड म्हना की."

सावड म्हणा की! या शब्दापुढं मी विरघळले. आमच्या बाईनं आत जे केलं तेच आपण बाहेर करतोय, असं मला वाटलं. आणि फायनलला ती सारी मतं मिळाली तर आमची जिंकणारच, असा मोठा हिशोबही मी मनात मांडून टाकला. उंटावरची शहाणी! ती गेल्यावर मतांसाठी मी वेगळा ग्रुप काढला होता, त्यावर लिहिलं, "या आठवड्यात मत मिरजगावला. सावड आहे. कुणी मोडू नये."

आणि कुणी मोडली नाही हो. हेच तर दुखणं आहे. शहरातल्या बायांनी काय केलं असतं? हो म्हटलं असतं आणि गुपचूप आपल्या बाईला मत दिलं असतं. आमच्यातल्या एकीच्याही मनात ते आलं नाही. म्हाताऱ्यांनी नातवंडांकडून मतं दाबून घेतली. वस्तीवर रेंज नाही म्हणून तिघी टेकडावर चढून गेल्या. माझा दीर, तिचा सख्खा नवरा, मोबाईल घेऊन माझ्याकडे आला. "वहिनी, माझं बी तिकडंच का?" मी म्हटलं, "मग? सावड म्हंजे सावड." त्यानं माझ्यासमोर बटण दाबलं. मीही दाबलं.

शनिवारी संध्याकाळी सात वाजता सारा गाव ग्रामपंचायतीत. सूत्रधारानं पाकीट फोडलं आणि आमच्या बाईचं नाव घेतलं.

आधी वाटलं, हा वाचली म्हणतोय. मग ती मिरजगाववालीच्या गळ्यात पडली तेव्हा समजलं. सूत्रधारानं विचारलं, गावाला काय सांगाल? ती डोळे पुसत म्हणाली, "माझ्या गावानं एकूनएक मत मला दिलं आसंल. कमी पडली तर पडली. त्यांचा काय दोष? आमचं गाव लई इमानी हाय."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग एकेकीनं माझ्याकडे पाहिलं. दीर उठून बाहेर गेला. मी तिथंच बसून राहिले. टीव्हीच्या त्या काचेत हात घालून तिला ओढून घेता आलं असतं तर घेतलं असतं.

दोन दिवसांनी ती आली. हलगी लावली, गुलाल उधळला, पेढे वाटले. पाय धुतल्यावर ती माझ्याच गळ्यात पडली. "आक्का, लई धावपळ झाली आसंल तुमची. मतं गोळा करता करता दमला आसाल." मी हूं म्हटलं. बोलावं असं शंभरदा वाटलं. पण तोंड उघडलं की समोर दीर दिसायचा, त्या तिघी टेकडावर चढलेल्या दिसायच्या. कुणी ठरवलं नव्हतं, पण अख्ख्या गावानं गप्प राहायचं ठरवून टाकलं होतं. इमानी गाव!

आणि खरं सांगू? रात्रंदिवस एक किडा डोक्यात वळवळत होता. तिचं नाव झालं, तिच्या घरासमोर गाड्या थांबायला लागल्या, तेव्हा माझ्या पोटात कधीच दुखलं नव्हतं का? एकदा दुखलं होतं. ती बंगल्यात असताना तालुक्याच्या कार्यक्रमात कुणी तरी माझी ओळख "टीव्हीवरच्या बाईंची जाऊ" अशी करून दिली, तेव्हा. वीस वर्षांची नोकरी माझी, आणि मी कोण, तर टीव्हीवरच्या बाईंची जाऊ. पण म्हणून मी ते केलं नाही. आईशप्पथ नाही. तरी शपथ घ्यायची पाळी आली, हेच वाईट.

फायनलच्या आठवड्यात ती दारोदार हिंडली. "बायांनो, मिरजगावला मत द्या, माझी मैतरीण हाय." बाया मान डोलवायच्या आणि पदर तोंडाला लावायच्या. मिरजगाववाली तिसरी आली. तेलही गेलं, तूपही गेलं.

मला वाटलं, संपलं. आता हे कुणाला कळायचं नाही.

पंधरा दिवस झाले असतील. कांद्याची दुसरी खुरपणी आली होती. मी अंगणवाडीत पोरांना उसळ वाढत होते, तर एक पोरगी धापा टाकत आली. "बाई, तुमच्या जावंच्या वावरात टेम्पो आलाय. बायांचा." कसला टेम्पो? "मिरजगावच्या हायेत म्हनं."

पळी तशीच पातेल्यात टाकली. मदतनीस बाईवर पोरं टाकली आणि सुटले. अंगणवाडी ते वावर वीस मिनिटांची वाट, मी पदर खोचून पळत गेले. पन्नाशीची बाई पळून पळणार किती? बांधावर पोचले तेव्हा दिसलं. चौदा बाया खुरपी घेऊन रांगेनं उभ्या. पुढं ती म्हातारी सासू, आणि तिच्यासमोर माझी जाऊ. म्हातारीचा आवाज मला लांबूनच ऐकू आला.

"तुला ठाव न्हाई व्हय? आगं, तुझ्या जावंनं आख्ख्या गावाची मतं आमच्या पोरीला दिली की त्या आठवड्याला! म्हनून तर ती वाचली. आमी फायनलला तुला देनार हुतो, पर तू ऱ्हायलीच न्हाईस. मग आमी म्हनलं, सावड अंगावर कशी ठिवायची? पोरगी नगरला सत्काराला गेलीय, तवा आमीच आलो. तुझी जाऊ म्हंजे देवमानूस हाय गं बाई, देवमानूस!"

मी बांधावर उभी. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना.

जावेनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हातारीला म्हणाली, "या मावशी. वाफं हितून सुरू हायेत." आणि स्वतः खुरपं घेऊन रांगेत बसली. सावडीला आलेल्यांना एकटं राबू द्यायचं नाही, ही रीत. मीही तिच्या शेजारच्या वाफ्यात बसले. तासाभरात आमचे दोघींचे वाफे निम्मे झाले. बाकी बायांची मस्करी चालली होती, तिला नकला करायला सांगत होत्या. ती म्हणाली, घसा बसलाय.

मग मान वर न करता तिनं विचारलं, "आक्का, तुमी तरी दिलं हुतं का मला?"

खोटं बोलायला एक श्वास पुरला असता. माझ्या मोबाईलमध्ये डोकवायला ती थोडीच येणार होती?

"न्हाई," मी म्हटलं.

"आन् ह्यांनी?"

मी मान खाली घालून खुरपं चालवलं. ती कांद्याच्या रोपाभोवतीचं गवत काढत राहिली. हात एकदाही चुकला नाही.

"मला वाटलं, तू पहिलीच येनार," मी म्हटलं. "धाकले, तुझ्यासाठीच केलं गं. फायनलला उपेगी पडंल म्हनून."

"व्हय," ती म्हणाली. "तसंच आसंल."

दुपारी तिनं सगळ्यांना पिठलं-भाकरी वाढली. जेवायच्या आधी त्या बायांनी डोकी झुकवली आणि म्हातारीनं मोठ्यानं प्रार्थना केली. "प्रभू, ह्या दोघी जावांना आशीर्वाद दे." जाऊ हात जोडून उभी होती. मला वाटलं, भुई फाटावी. दिवस कलताना साऱ्या वाफ्यांची खुरपणी उरकली. म्हातारी टेम्पोत चढताना म्हणाली, "फिटली बाई सावड." जाऊ म्हणाली, "फिटली, मावशी." त्या गेल्या. दीर दिवसभर वावराकडे फिरकला नव्हता. त्या दोघा नवराबायकोचं पुढं काय झालं ते मला सांगता येणार नाही, त्यांच्या घराचं दार त्यांनी लावून घेतलं. पण ती नांदतेय, आणि दोघं एका गाडीवर बाजारालाही जातात.

पुढच्या गुरुवारी सकाळी मी माझ्या वाफ्यात एकटीच खुरपत होते. ती आली. काही न बोलता पदर खोचला आणि बसली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी बडबडायला लागले. पोरांचं, कांद्याच्या भावाचं, थंडीचं. ती हं, हं करत होती. मी मनात म्हटलं, झालं, निवळली बाई. आता दुपारी भाकरी एकत्र खाऊ, आणि उद्या मी तिच्या हरभऱ्यात जाईन.

ऊन डोक्यावर आलं. बांधावरच्या बाभळीची सावली बुडाशी आली, तशी ती उठली. खुरपं मातीत पुसलं. हात झाडले.

"आक्का," ती म्हणाली, "तुमचा आर्धा दिस फिटला."

"आगं, फेडायचा नसतो!" मी ओरडलेच. "आत्याबाई काय म्हनायच्या? ऱ्हाऊ दे की अंगावर!"

"न्हाई आक्का. आता काय बाकी नको."

ती बांधावरून घराकडे गेली. आजही ती मला आक्काच म्हणते. सणाला पुरणपोळी पाठवते, माझ्या पोराच्या लग्नात ती पुढं होऊन राबली. कुणी म्हणावं, जावा असाव्यात तर अशा. फक्त तिच्या हरभऱ्यात खुरपायला त्या वर्षी रोजानं बाया आल्या, आणि तेव्हापासून दरवर्षी येतात. माझ्या वाफ्यात मी एकटी बसते.