ऑसिलेटरमधली थरथर

कालिंदी वैद्य चिकलठाण्यातल्या एका छोट्या कंपनीत रेडिओ रिसीव्हरची सर्किटं डिझाइन करायची. त्या वर्षी तिच्याकडं तलावांवरच्या पाणीपातळी यंत्रांचं काम होतं. दूरच्या तलावावरून येणारा क्षीण संदेश पकडायचा, तर रिसीव्हरमधला ऑसिलेटर, म्हणजे त्याचा स्वतःचा सूर, अगदी स्थिर हवा. तो जरा डळमळला की शेजारच्या एखाद्या दणदणीत स्टेशनाच्या गोंगाटात संदेश बुडून जातो.

आणि तिच्या रिसीव्हरचा सूर डळमळत होता. तपासणीच्या पडद्यावर त्या सुराची काट्यासारखी उभी राहायला हवी ती रेघ पायथ्याशी फुगायची. तिनं कॉइल बदलली, पॉवर सप्लाय बदलला, फरक नाही. मग तिच्या लक्षात आलं, सहकारी हिमांशू आठवडाभर रजेवर होता तेव्हा रेघ स्वच्छ होती. तो परतला त्याच सकाळी फुगवटा परतला.

हिमांशूचं हल्ली काहीतरी चाललं होतं. फोन आला की तो गेटबाहेर जायचा. ती जवळ आली की मोबाइल पालथा. त्यातच पुण्याची एक कंपनी असाच रिसीव्हर आणतेय, असं कानावर आलं. कालिंदीनं आपल्या फाइलींना पासवर्ड घातला. "हा बोर्ड मीच बघते," म्हणून सर्किटाचा बोर्ड त्याच्याकडून काढून घेतला. तो जेवायला गेला असताना त्याची बॅगही उघडून पाहिली. डबा, चार्जर, छत्री. बस्स. आपण चेन पहिल्यासारखी लावली का, हेच मग दिवसभर तिच्या डोक्यात घोळत राहिलं.

एके सकाळी हिमांशू समोर बसलेला असूनही रेघ सरळ होती. याला कुणी सावध केलं की काय, हेच तिच्या मनात आलं. तेवढ्यात तिच्या हातून स्क्रूड्रायव्हर टेबलावर पडला आणि रेघ दचकली. तिनं बोर्डावर पेन्सिलीनं हलकेच टिचकी मारली. पुन्हा तेच. बोर्डावरचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, हादरे टिपत होते!

ती तडक शेजारच्या शेडमध्ये गेली. तिथं आप्पासाहेब प्रेस मशीनवर पत्र्याचे सुटे भाग ठोकून काढायचे.

"आप्पासाहेब, आज प्रेस बंद आहे?"

"व्हय, बेल्ट तुटलाय. का ओ मॅडम?"

"मागं हिमांशू रजेवर होता, तेव्हाही आठवडाभर बंद होता का?"

"व्हता की. डाय, म्हंजी साचा, दुरुस्तीला गेलती. एरवी सकाळपासून धडाधड चालूच. लई हादरतं का तिकडं?"

कालिंदीनं परत येऊन हिमांशूला सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "मग आता मला बोर्डाला हात लावता येईल?"

तिनं बोर्ड त्याच्यापुढं सरकवला.

"बॅग उघडलीत ते कळलं होतं मला. विचारलं असतं तर सांगितलं असतं, मॅडम. करमाडची तनुजा आहे, आम्ही लग्न करतोय. दोन्ही घरांत अजून माहीत नाही. फोन तिचेच असतात."

"चुकलं माझं, हिमांशू."

त्यानं बोर्ड जवळ ओढला. दोघांनी मिळून ते कपॅसिटर बदलले, ऑसिलेटरखाली रबराची बैठक दिली. पलीकडं प्रेस दणदणत असताना तलावाचा संदेश स्वच्छ आला. ऑफिसात पेढे वाटले गेले. हिमांशूनं पेढा घेतला, पण तिच्याजवळ थांबला नाही.

पुढं तो वाळूजच्या एका कारखान्यात गेला. लग्नाचं आमंत्रण तिला आलं नाही. लग्न थाटात झालं, दोन्ही घरची माणसं होती, हे मूळच्या करमाडच्या आप्पासाहेबांकडून तिला कळलं.