माझ्या सुईपायी

माझा थोरला भाऊ सर्जन आहे, पण कित्येक वर्षांत त्याने कुणाच्या पोटावर सुरी धरलेली नाही. ह्याचं खापर आमच्या घरात माझ्यावर फुटतं. मी शाळेत असताना मला मधुमेह झाला आणि इन्सुलिनची सुई कायमची मागे लागली. दादा तेव्हा नुकता डॉक्टर झाला होता. माझ्या खाटेशी उभा राहून म्हणाला, "छोटे, तुझी सुई मी सोडवणार." मला कुणी विचारलंच नाही.

आणि पठ्ठ्या हात धुऊन मागे लागला. ऑपरेशनमध्ये त्याचा हात इतका साफ, की लोक नाव विचारत यायचे. ते सगळं सोडून तो हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत, बिनखिडकीच्या प्रयोगशाळेत जाऊन बसला. कुणा मृताचं दान केलेलं स्वादुपिंड आलं की स्टीलच्या बंद भांड्यात, कोमट औषधी पाण्यात घालायचं आणि भांडं हाताने हलवत राहायचं. मांस विरघळतं, इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचे पुंजके सुटे होतात. ते रुग्णाच्या यकृतात सोडायचे. सगळी मेख थांबण्यात. घाई केली तर पुंजके मांसाला चिकटून राहतात, उशीर केला तर तेही विरघळतात. दादाच्या हाताला ती वेळ बरोबर कळायची. त्याच्या हातच्या पेशींनी अनेकांच्या सुया सुटल्या, म्हणून विभागप्रमुख त्याला सोडेनात. लग्न राहिलं, उजवा खांदा कामातून गेला. "तुझ्यासाठी त्याने जिवाचं रान केलं," हे आई मला प्रत्येक जेवणात ताटाबरोबर वाढायची.

मी मात्र मजेत होते. माझं चष्म्याचं दुकान, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता मी पोटात सुई टोचून घ्यायचे. दुसऱ्याच्या पेशी अंगात टिकवायच्या तर जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या आणि साध्या सर्दीचीही धास्ती. मला तो सौदा नकोच होता. पण ज्याने आपल्यापायी आयुष्य घालवलं त्याला नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं? त्यात एकदा साखर उतरून मी दुकानातच बेशुद्ध पडले. दादाने लगेच माझं नाव प्रतीक्षायादीत घातलं. मी गप्प बसले.

मग एका सकाळी त्याचा फोन आला. "काही खाऊ नकोस. तुला जुळणारं आलंय."

विभागप्रमुख म्हणाले, बहिणीचं काम दुसऱ्याला करू दे. दादा कसला ऐकतोय! हॉस्पिटलचा झगा घालून मी प्रयोगशाळेच्या काचेच्या दाराबाहेर उभी राहिले. तो भांडं हलवत होता. दुखऱ्या खांद्याने तोंड वाकडं होत होतं, तरी मला बघून हसला. सहायक डॉक्टरीणबाईंनी सूक्ष्मदर्शकातून मान वर केली. दाराच्या फटीतून मला स्पष्ट ऐकू आलं.

"सर, सुटलेत पुंजके. थांबवू या."

"अजून थोडं. हिला कमी पडायला नकोत."

"सर, बास!"

तो हलवतच राहिला. शेवटी बाईंनी स्वतःच भांडं हातातून काढून घेतलं. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यावर तपासणीसाठी लाल रंगवलेले गोल पुंजके दिसायला हवे होते, तिथे नुसता भुगा होता.

दादा बाहेर आला आणि माझ्या शेजारच्या बाकावर मटकन बसला. मला हायसं वाटलं, अगदी खरंच वाटलं. आणि त्याचा चेहरा बघून स्वतःचीच चीड आली.

"हावरटपणा केला गं मी," तो म्हणाला.

हीच वेळ होती. मी सगळं बळ एकवटलं. "दादा, आता थांब. मला ही सुई चालते. पहिल्यापासून चालते."

त्याने दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "थांबून करू काय? ऑपरेशन हे हात केव्हाच विसरले."

 डॉक्टरीणबाई दारात आल्या. यादीत नाव ठेवायचं तर रक्त पुन्हा तपासावं लागेल, म्हणाल्या. दादाने वर पाहिलं.

मी झग्याची बाही वर केली आणि हात पुढे धरला.