गिरजाला कोणी मारलं

शहापूरजवळच्या शेणवे गावातल्या शाळेतले काळूराम मास्तर १९३८ साली कादंबरी लिहायला बसले, तेव्हा तिच्यात पुढं काय होणार हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. गिरजा नावाची एक तरणी विधवा, एवढंच डोक्यात होतं. शाळा सुटली की ओसरीवर बसून लिहायचे आणि लिहिलेलं बायकोला, म्हणजे आमच्या चंदाकाकूंना, वाचून दाखवायचे.

मुंबईच्या एका मासिकानं पहिली चार प्रकरणं छापली. पाचवं पाठवलं तसं संपादकांचं पत्र आलं. दुसऱ्या प्रकरणात मेलेला सासरा आता विडी ओढतो आहे, तेव्हा सगळ्या वीस प्रकरणांचा आराखडा आधी पाठवा. चूक खरीच होती. मास्तर खजील झाले आणि एका रविवारी बसून त्यांनी आराखडा केला. शेवट सुचेना, म्हणून लिहून टाकलं, गिरजा विहिरीत जीव देते.

पण लिहिता लिहिता गिरजा बदलत गेली. दिरानं बळकावलेलं भाताचं खाचर तिनं चावडीवर भांडून परत मिळवलं, डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणी लावली. अठरावं प्रकरण ऐकून काकू म्हणाल्या, "ही कशाला जीव देईल? तुमी लोटाल तरच मरंल."

मास्तरांनी संपादकांना कळवलं की आराखडा केला तेव्हा ही बाई मला पुरती कळली नव्हती, शेवट बदलतो. ठरल्याप्रमाणे लिहावं, एवढंच उत्तर आलं. मास्तरांनी गिरजाला जिवंत ठेवूनच विसावं प्रकरण पाठवलं.

छापून आलं ते भलत्याच कोणाचं. गिरजा विहिरीत, आणि खाली नाव मास्तरांचं. संपादकांनी विचारायचीसुद्धा तसदी घेतली नाही. खेड्यातला मास्तर, तो काय करणार, हीच त्यांची समजूत. आजही हे सांगताना माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मास्तर शहापूरच्या वाचनालयात गेले, अंक मागून घेतला आणि त्या पानावर शाईनं लिहिलं, 'हे प्रकरण माझं नाही. गिरजा मेलेली नाही.' ग्रंथपाल भडकले. मास्तर म्हणाले, "मी एक पान खराब केलं. त्यांनी माझी बाई मारली, तिचं काय?"

खरं विसावं प्रकरण त्यांनी शाळेच्या पडवीत गावाला वाचून दाखवलं. बाया कामं टाकून आल्या होत्या.

१९४३ साली मासिकवाल्यांनी कादंबरीचं पुस्तक काढलं, त्याच विहिरीसकट. मास्तरांनी त्यांना तीन पत्रं धाडली, एकाचंही उत्तर नाही. चंदाकाकूंनी ते पुस्तक घरात येऊ दिलं नाही.