मधला कोन

"काढ, काप, ठिवून बघ." आमच्या शाळेतले गणिताचे सर एवढंच म्हणायचे आणि खडूचे हात झटकून खुर्चीत बसायचे.

भवानीनगरजवळच्या शाळेत ते नववीला शिकवत, मी खालच्या वर्गांना. त्रिकोणांची एकरूपता म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? बाकोबा, कोबाको, बाबाबा. दोन बाजू आणि मधला कोन सारखे असले की त्रिकोण एकरूप, हे तुम्हीही घोकलं असेल. सरांना या पोपटपंचीचा भारी राग. "तोंडानं कशाला, हातानं सांग की," म्हणायचे.

कागद म्हणून लग्नपत्रिका. कळंब काय, शेळगाव काय, घरोघरी जुन्या पत्रिकांचे गठ्ठे पडलेलेच असतात. "पत्रिकेवरल्या देवाला न् बुद्धाला कात्री लावायची न्हाय," एवढाच नियम. सर मापं सांगत, पोरं आपापल्या घरी त्रिकोण काढून कापून आणत. मग सगळे एकावर एक रचायचे. एखाद्याचा बसेना, की सर म्हणत, "अरं, उलटा करून ठिव. पालथा पडला म्हणून परका हुतो व्हय?" मग 'आग्रहाचे निमंत्रण' या अक्षरांसकट तो त्रिकोण गुमान बसायचा.

पुढं सरांचा उजवा हात थरथरू लागला. बारामतीच्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, पण फळ्यावर कंपास टेकेना. मुख्याध्यापक सांभाळून म्हणाले, "सर, नववी सोडा. ग्रंथालय बघा आता."

"काढायचं काम पोरं करत्यात, सायब. मला नुस्ती मापं सांगायची हायत. एकदा तास तर बघा."

नववी गेली तर हा माणूस कशाच्या जिवावर शाळेत येणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मुख्याध्यापक मागच्या बाकावर बसले. शेजारी मी. त्रिकोणांचा गठ्ठा झकास जमला, फक्त एकाचं टोक बाहेर डोकावत होतं.

"कुणाचा ह्यो?" सरांनी विचारलं. पोरं एकमेकांकडे बघू लागली. शेळगावची एक चुणचुणीत मुलगी पुढं आली. तिनं पट्टी लावली, कोनमापक ठेवला.

"दोन्ही बाजू बरोबर हायत, सर. मधला कोन चुकलाय. काढताना हात हालला असंल."

वर्ग हसला.

"बरोबर," सर म्हणाले. "माझा हाय त्यो. काल घरी काढला आन् गुपचूप गठ्ठ्यात सरकवला. जमतंय का बघावं म्हटलं."

हसू जागच्या जागी थांबलं. मुख्याध्यापक उठून गेले.

संध्याकाळी आम्ही रोजच्यासारखे एसटीत शेजारी बसलो. सर माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन नववी सोडली. ती माझ्याकडे आली.

दिवाळीनंतर सर गेले. मी मातीला गेलो, घरी आलो, जेवलो, दुसऱ्या दिवशी तासावर गेलो. रडू आलं नाही. अजून येत नाही. आतून बधिर झाल्यासारखं झालंय, एवढंच कळतं.

त्याच तासाला ती शेळगावची मुलगी उभी राहिली.

"सर, मी त्या दिवशी बोलाय नको हुतं का?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता.

"येडी का काय तू?" मी म्हणालो. "एसटीत घरापर्यंत तुझंच कौतुक करत होते सर."

ती डोळे पुसत खाली बसली. मी फळ्याकडे वळलो आणि त्रिकोणाचा पाया आखू लागलो. पट्टी पुरी झाली तरी रेघ ओढतच राहिलो, कारण वर्गाकडे तोंड करायची माझी छाती होईना.